लहान खोली, शेड किंवा केबिन दुसऱ्या जागी हलवताना

पहिल्यांदा खोली हलवायला निघालेला माणूस वजनाला घाबरतो. एवढं धूड उचलणार कसं, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. वजनाला जॅक आहेत, खाली फिरणारे गोल रूळ आहेत, क्रेन आहे. लहान बांधकाम मोडतं ते बहुतेक वेळा पिळामुळे. चार कोपऱ्यांपैकी एक कोपरा बाकी तिघांपेक्षा दोन बोटं वर गेला किंवा खाली राहिला, की सगळा सांगाडा पिळवटतो. मग काचा तडकतात, दार चौकटीत अडकतं, खिळे कुरकुरत बाहेर येऊ लागतात.

मी पहिल्यांदा लाकडी खोली उचलली तेव्हा आम्ही एका बाजूचे दोन्ही जॅक झपाट्याने चढवले. समोरच्या कोपऱ्याखालचा ठोकळा मऊ मातीत रुतत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आधी आतून फळी चिरल्यासारखा आवाज आला. मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून काचेवर एक बारीक रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत सावकाश खाली उतरत गेली. खोली नव्या जागी नीट बसली, पण ते दार पुन्हा कधी सरळ लागलं नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासत राहा: तळ एका पातळीत आहे का?

हा लेख लाकडी खोली, लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड, पहारेकऱ्याची केबिन, बागेतली अवजारांची खोली अशा साधारण दोन टनांपर्यंतच्या बांधकामांसाठी आहे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या खोलीला स्वतः हात घालू नका. २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीचं वजन दर चौरस मीटरला सव्वाचारशे किलोंच्या पुढे जातं, आणि त्याहून मोठी अडचण अशी की विटकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. जरा वाकलं की फुटतं. अशा इमारती हलवता येत नाहीत असं मुळीच नाही. अमेरिकेत इंडियानापोलिस इथे १९३० साली टेलिफोन कंपनीची सुमारे ११,००० टनांची इमारत महिन्याभरात सरकवून ९० अंशांत फिरवली, आणि आत कर्मचाऱ्यांचं काम चालूच होतं. पण त्यासाठी पायाखालून पोलादी तुळया घालणारे, हेच काम वर्षानुवर्षं केलेले लोक लागतात.

अख्खी न्यायची की सोडून?

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. नट-बोल्टांवर उभी असलेली पत्र्याची शेड अख्खी हलवण्यात अर्थ नाही. पत्रे काढा, सांगाडा खोला, नेऊन पुन्हा जोडा. लाकडी खोलीच्या भिंती स्वतंत्र चौकटींच्या असतील आणि स्क्रूने जोडलेल्या असतील, तर तीही सुटी करून नेणं सोपं. खिळ्यांनी ठोकलेली, आतून प्लायवूड किंवा बोर्ड लावलेली खोली मात्र सोडवताना जेवढी मोडते तेवढी हलवताना मोडत नाही. ती अख्खीच न्यावी. खालच्या तुळया कुजल्या असतील तर आधी तुळया बदला, नाहीतर हलवण्याचा विचार सोडा. कुजकं लाकूड ओळखायला स्क्रूड्रायव्हर पुरतो: टोक जोराने दाबलं आणि ते अर्धा इंच सहज आत गेलं, तर त्या तुळईवर जॅक लावायचा नाही.

सोडून न्यायची असेल तर खुणा नीट करा. खडूची खूण पहिल्या पावसात किंवा पहिल्या घासण्यात पुसली जाते, म्हणून रंग वापरा. नुसते तुकड्यांना क्रमांक देऊ नका, सांध्यांना द्या: दोन भाग जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना तोच क्रमांक, आणि तोही आतल्या अंगाला. 'पू-३' ला 'पू-३' भेटला की काम झालं. इजिप्तमधलं अबू सिंबेलचं मंदिर १९६४ ते १९६८ या काळात धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी कापून, ६५ मीटर वर नेऊन पुन्हा उभं केलं, तेही प्रत्येक दगडाला क्रमांक देऊनच. उकलण्याआधी चारही बाजूंनी आणि प्रत्येक सांध्याचे फोटो काढा. बोल्ट ज्या सांध्याचे, त्याच सांध्याच्या नावाच्या पिशवीत ठेवा.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर थांबा. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कापणं, फोडणं, घासणं धोक्याचं असतं, त्यामुळे ते काढायचं काम जाणकाराकडेच द्या.

परवानगीचं म्हणाल तर नव्या जागी बांधकाम ठेवायला चालतं का, हद्दीपासून किती अंतर सोडायचं आणि रस्त्यावरून नेणार असाल तर वाहतुकीसाठी काय लागतं, हे स्थानिक कार्यालयात आधीच विचारून लेखी घ्या. खोली ट्रेलरवर चढल्यावर हा प्रश्न सोडवण्याची वेळ येऊ देऊ नका.

नवी जागा आधी तयार करा

बहुतेक नवखे लोक जुन्या जागेपासून सुरुवात करतात. उलट करा. खोली उचलण्याआधी तिची नवी बैठक पूर्ण तयार असली पाहिजे. खोली अधांतरी ठेवून खाली पाया करत बसणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रसंग.

खोलीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर जास्त जागा आखा. वरची काळी, मुळांची माती साधारण १५ सेंटिमीटर काढून टाका. ती दबत राहते. त्या जागी खडी किंवा मुरूम एकदम न ओतता थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुम्मसाने चोपून बसवा. एकदाच जाड थर टाकून वरून कितीही ठोकलं तरी खालचा भाग सैलच राहतो आणि वर्षभरात तिथे खळगा पडतो. पाणी खोलीखाली न साचता बाहेर वाहून जाईल असा आजूबाजूच्या जमिनीला उतार द्या. ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार पुरतो.

मग आखणी. दोऱ्या लावताना कोपरा काटकोनात आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ मीटर आलं तर काटकोन. ३ बाय ४ मीटरची खोली असेल तर हे माप आपसूक मिळतं: दोन्ही कर्ण ५ मीटर. दोन्ही कर्ण मोजा. एक ५.०० आणि दुसरा ४.९६ आला तर आखणी तिरकी आहे.

त्या आखणीवर काँक्रीटचे ठोकळे किंवा छोटे खांब तळाच्या तुळयांच्या रेषेत बसवा, दीड मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. सगळ्या ठोकळ्यांची डोकी एका पातळीत आणायला पाणी भरलेली पारदर्शक नळी सगळ्यात भरवशाची. दोन टोकांतलं पाणी चार मीटरवरही आणि दहा मीटरवरही खरं बोलतं. मात्र नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे आधी बघा, कारण बुडबुडा असला की ती बिनदिक्कत चुकीची पातळी दाखवते. ठोकळ्यावर जाड प्लास्टिक किंवा डांबरी कागदाचा तुकडा ठेवा, म्हणजे जमिनीतली ओल लाकडात चढणार नाही.

वजनाचा अंदाज कागदावर

अंदाज बांधणं अवघड नाही. सुकं, मऊ जातीचं लाकूड घनमीटरला साधारण ५०० किलो भरतं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पन्हळी लोखंडी पत्रा चौरस मीटरला पाच किलोंच्या आसपास. ३ बाय ४ मीटरची, २.२ मीटर उंच भिंतींची लाकडी खोली घ्या. भिंतींचं क्षेत्रफळ जवळपास ३१ चौरस मीटर. २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या म्हणजे चौरस मीटरला १० किलो, झाले ३१० किलो. भिंतींचे उभे-आडवे वासे १८० च्या घरात, फळ्यांची जमीन आणि तिच्याखालचे वासे २००, तळाच्या तीन जाड तुळया ९०, छप्पर १२०, दार-खिडक्या ६०. बेरीज ९६०. लाकूड पाणी पितं, खिळे-बिजागऱ्या आपण धरत नाही, काहीतरी विसरतोच. म्हणून पाव भाग वाढवा आणि १,२०० किलो धरून चाला.

आता जॅक निवडताना एक चूक सगळे करतात. १,२०० भागिले चार, म्हणजे कोपऱ्याला ३०० किलो. कागदावर ते खरं. पण ताठ, चौकोनी वस्तू असमान आधारावर ठेवली की ती समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांवर डोलते, जसं एक पाय आखूड असलेलं टेबल. त्या क्षणी एका कोपऱ्यावर ६०० किलो येतात. म्हणून प्रत्येक जॅक निम्मं वजन पेलणारा हवा, त्यावर पुन्हा दुप्पट राखीव ताकद धरा. या खोलीला दोन टनांचे जॅक बरे.

खोली आवळून घ्या

आतलं सामान सगळं बाहेर. वीज जोडणी जाणकार वायरमनकडून मूळ जोडणीपासून तोडून घ्या. आतला स्विच बंद करून भागत नाही. पाणी, गॅस, सांडपाण्याच्या नळ्या, जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार, कुंपणाला बांधलेली तार, पन्हाळीचा नळ या सगळ्यांचे बंध सुटलेत का, हे खोलीभोवती फिरून हाताने चाचपून बघा. खोली उचलली जात नाही म्हणून जॅक जोरात दाबत बसावं आणि शेवटी कळावं की एक पायाचा बोल्ट सोडायचाच राहिला होता, हा प्रकार फार वेळा घडतो.

काचा काढता येत असतील तर काढा. दार काढून ठेवा किंवा चौकटीला स्क्रूने पक्कं बसवा. दाराची जागा हा भिंतीतला सगळ्यात कच्चा भाग, कारण तिथे खालची पट्टी तुटलेली असते. उंबऱ्याच्या पातळीला एक मजबूत आडवी फळी दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर पुढे जाईल अशी ठोका.

आता तिरक्या पट्ट्या. प्रत्येक भिंतीला आतून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब पट्टी, प्रत्येक उभ्या वाशाला स्क्रूने जोडलेली. खिळे नकोत, नंतर काढायच्या आहेत. आडवी पट्टी कितीही जाड असली तरी चौकोनाला तिरका होण्यापासून रोखत नाही. तिरकी पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते आणि त्रिकोण बाजू न मोडता आकार बदलूच शकत नाही. छताच्या खालच्या पातळीलाही समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन पट्ट्या किंवा तारा ताणून घ्या.

पट्ट्या लावण्यापूर्वी जमिनीचे दोन्ही कर्ण आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवरच पेन्सिलीने लिहा. पुढे कुठल्याही टप्प्यावर शंका आली की टेप लावायचा आणि त्या आकड्यांशी ताडायचं.

उचलताना घाई नको

या टप्प्याला मी नेहमी अर्धा दिवस राखून ठेवतो. तो लवकर संपला तर उरलेला वेळ विश्रांतीला.

आधी नियम: फक्त जॅकवर तोललेल्या खोलीखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही. जॅकचं काम उचलणं. धरून ठेवण्याचं काम ठोकळ्यांचं. जॅकचं वायसर गळू शकतं, तळ घसरू शकतो, आणि हे घडायला क्षण पुरतो. ठोकळ्यांची रास रचायची ती दोन असे, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन असे. रास रुंदीच्या तिपटीपेक्षा उंच होऊ द्यायची नाही. विटा किंवा पोकळ काँक्रीटचे ठोकळे राशीत वापरू नका. ते आधी इशारा न देता फुटतात. लाकूड करकरतं, दबतं, म्हणजे बोलतं तरी.

जॅक कुठे लावायचा? तळाच्या तुळईखाली, कोपऱ्यापासून थोडा आत. भिंतीच्या फळीखाली किंवा जमिनीच्या फळ्यांखाली नाही. जॅकच्या खाली जाड, रुंद फळी हवी, म्हणजे भार पसरेल आणि जॅक मातीत रुतणार नाही. वर जॅकचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये पोलादी पट्टीचा तुकडा ठेवा, नाहीतर जॅकचं डोकं लाकडात घुसतं.

तळाला आयत्या तुळया नसतील, म्हणजे खोली नुसत्या खांबांवर किंवा ठोकळ्यांवर असेल, तर दोन जाड तुळया खोलीच्या लांबीभर, जमिनीच्या वाशांना काटकोनात आत सरकवाव्या लागतात. साधारण १० बाय १५ सेंटिमीटरच्या, उभ्या ठेवलेल्या. त्यांची टोकं होडीच्या नाळेसारखी वर तासून घ्या, म्हणजे ओढताना जमिनीत रुतत नाहीत.

आता लय. एका बाजूचे दोन जॅक दोन माणसांनी एकत्र, मोजून दाबायचे. तिसरा माणूस काहीच करत नाही, तो फक्त बघतो, ऐकतो आणि 'थांब' म्हणतो. आणि तो 'थांब' म्हणाला की कुणीही वाद न घालता थांबायचं. दोन-तीन सेंटिमीटर उचला. लगेच खाली पातळ फळी सारा, पाचर ठोका. मग समोरच्या बाजूला जा, तिथेही तेवढंच. कुठलीही बाजू दुसरीपेक्षा पाच सेंटिमीटरहून जास्त वर जाऊ देऊ नका, आणि एकाच बाजूच्या दोन कोपऱ्यांत तर एका सेंटिमीटरचाही फरक नको. पूर्ण बाजू सारखी वर गेली तर खोली नुसती कलते. एकच कोपरा वर गेला तर ती पिळली जाते. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

मोठ्या कामात हीच अडचण एका युक्तीने सोडवतात. अमेरिकेतला केप हॅटेरसचा विटांचा दीपस्तंभ १९९९ साली समुद्राच्या धडकेपासून वाचवण्यासाठी सुमारे ८८० मीटर आत नेला, तेव्हा त्याखालचे जॅक तीन गटांत जोडलेले होते. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डोलत नाही, पिळली जात नाही. तिवई कुठल्याही खडबडीत जमिनीवर स्थिर बसते ती याचमुळे. हीच कल्पना लहान कामात वापरता येते. एका बाजूला दोन कोपऱ्यांखाली दोन आधार, आणि समोरच्या बाजूच्या मध्यावर एक. त्या मधल्या आधारावर आडवी मजबूत तुळई हवी, म्हणजे भार तिच्यावरून दोन्ही कोपऱ्यांकडे पोचेल. एकच आधार असलेल्या त्या बाजूला दोन्ही कोपऱ्यांखाली बोटभर अंतर सोडून ठोकळ्यांच्या राशी ठेवाच, कारण एखादा कोपरा कलला तर तो त्यांच्यावर टेकेल.

हव्या त्या उंचीला आलात की थांबा. रुळांसाठी जमिनीपासून साधारण २० सेंटिमीटर पुरतात. विनाकारण उंच नेऊ नका.

रुळांवरून सरकवणं

अंतर शे-दीडशे मीटर असेल आणि जमीन बऱ्यापैकी सपाट असेल, तर रूळ हाच उत्तम मार्ग. ट्रॅक्टर लावून तळाच्या तुळयांवर फरफटत नेता येतं, पण लाकूड मातीवर घासत ओढायला वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर लागतो, म्हणजे आपल्या खोलीला ६०० किलो. शिवाय गवताच्या ढेकळात तुळई अडली की दोरी ताणत जाते आणि खोली एकदम हिसक्याने सुटते. तो हिसका प्रत्येक सांध्याला जाणवतो. तीच खोली सपाट, कठीण फळ्यांवर, लोखंडी रुळांवर ठेवली तर वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६० किलोंच्या जोरावर सरकते. दोन माणसं ढकलतात.

जाड भिंतीचे, ६ ते ८ सेंटिमीटर व्यासाचे, अगदी सरळ लोखंडी नळ घ्या. खाली दोन रांगांत जाड फळ्या अंथरा, सांध्यावर एकमेकींना टेकलेल्या. फळ्यांची पातळी हाच तुमचा रस्ता. त्याला पातळी लावून बघा आणि खळग्यात खडी भरा. प्रत्येक तुळईखाली कुठल्याही क्षणी निदान तीन रूळ हवेत. खोली एक मीटर पुढे सरकली की रूळ अर्धाच मीटर पुढे जातो, त्यामुळे तो हळूहळू मागून बाहेर पडतो. मागचा मोकळा झालेला रूळ उचलून पुढे आणायचा, मागच्या फळ्याही तशाच पुढे.

दिशा बदलायची तर पुढचे रूळ हातोडीने ठोकून किंचित तिरके करा. खोली रुळाला काटकोनात सरकते. एका वेळी थोडंच वळवा. आणि रूळ सरळ करायला हात कधीच वापरू नका, पायही नाही. खोली थांबलेली दिसते तेव्हाही ती बोटभर सरकू शकते आणि ते बोटभर अंतर तुमच्या बोटांचं असतं. लांब दांड्याची हातोडी किंवा पहार वापरा.

उतार दिसायला किरकोळ असतो. २० मीटरला १ मीटर उतार असेल, तर आपल्या १,२०० किलोंच्या खोलीला तो ६० किलोंनी खाली ओढतो, म्हणजे रुळांचा सगळा विरोध खाऊन टाकतो. खोली आपणहून चालू लागते. म्हणून उतारावर मागून दोर हवाच, एखाद्या भक्कम खांबाला दोन वेढे देऊन सावकाश सोडत जायचा. पुढून ओढताना दोर दोन्ही तुळयांना बांधा, भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला कधीही नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा परततो. त्यावर मध्ये एक जड गोणपाट टाकून ठेवलं तर परततानाचा जोर कमी होतो.

क्रेन किंवा ट्रेलर

दूरवर न्यायचं तर वाहन लागणारच. इथे यंत्र चालवणारा अनुभवी असतो, पण खोलीची काळजी त्याला तुमच्याइतकी असेलच असं नाही. म्हणून काही गोष्टी तुम्हाला ठाऊक हव्यात.

क्रेनचे पट्टे तळाच्या तुळयांखालून जायला हवेत. पट्टे वर क्रेनच्या एका हुकात जमतात तेव्हा ते तिरके असतात आणि त्यांचा कोन फार महत्त्वाचा. दोन पट्ट्यांनी भार उचलला आणि ते आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ४५ अंशांत ७१ टक्के. ३० अंशांत प्रत्येक पट्ट्यावर पुरं १०० टक्के. शिवाय पट्टे जितके आडवे, तितके ते खोलीच्या वरच्या कडा आत दाबतात. छपराच्या कडा चिरडल्या जातात त्या अशाच. म्हणून पट्ट्यांमध्ये वर एक आडवी लोखंडी तुळई लावायला सांगा, म्हणजे पट्टे भिंतीलगत सरळ खाली उतरतील. तसंच पाण्याच्या टाकीचं, पार्टिशनचं वजन एका बाजूला असेल तर खोली उचलताना कलते. आधी १० सेंटिमीटर उचलून बघायला सांगा, कलली तर खाली ठेवून पट्टे सरकवा.

मालवाहू कंटेनरची केबिन असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या पोलादी कप्प्यांतूनच उचला. रिकामा वीस फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या घरात असतो. आतून सजवलेला त्याहून जड. तो टेकायचाही चार कोपऱ्यांवरच.

ट्रेलरवर चढवल्यावर जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंतची उंची मोजा, अंदाज बांधू नका. मग तो आकडा घेऊन सगळा रस्ता स्वतः फिरा: तारा, फांद्या, कमानी, अरुंद वळणं. मे महिन्यात बघितलेली फांदी पावसानंतर पानांनी खाली झुकते, हेही ध्यानात असू द्या. विजेची तार काठीने उचलून खालून वाहन काढण्याचा उद्योग कुणी सुचवला तर सरळ नकार द्या. तार आड येत असेल तर वीज पुरवणाऱ्या कार्यालयाला कळवणं हाच मार्ग. स्वीडनमध्ये किरुना इथलं १९१२ सालचं लाकडी चर्च, ६७२ टनांचं, ऑगस्ट २०२५ मध्ये पाच किलोमीटर नेलं. प्रवास दोन दिवसांचा होता, पण त्यासाठी रस्ता आधी २४ मीटर रुंद करून ठेवला होता.

पट्टे तुळयांवरून ओढून ट्रेलरला बांधा, छपरावरून नाही. पत्र्याच्या कडा एका लांब फळीखाली दाबून घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी २० वरून ४० वर गेलात की पत्र्यावरचा जोर चौपट होतो. सावकाश चला, आणि पहिल्या पाच मिनिटांनी थांबून सगळे पट्टे पुन्हा ताणा. ते सैल झालेले असतातच.

नव्या जागी बसवताना

उतरवणं हे उचलण्याइतकंच नाजूक, आणि तेव्हा सगळे थकलेले असतात. अंधार पडायला आला असेल तर खोली ठोकळ्यांच्या राशींवर पक्की टेकवून ठेवा आणि सकाळी उतरवा. त्यात काही बिघडत नाही.

राशीतला एक थर काढायचा, जॅक एक थर उतरवायचा, बाजू बदलायची. चढवतानाचीच लय उलटी. तुळया ठोकळ्यांना टेकल्या की लगेच जॅक काढू नका. पातळी लावा. मग पेन्सिलीने लिहून ठेवलेले कर्ण पुन्हा मोजा. फरक असेल तर कुठल्या तरी ठोकळ्यावर तुळई नीट टेकलेली नाही. प्रत्येक ठोकळा आणि तुळई यांच्यामधून जाड कागदाची पट्टी सरकवून बघा. ती सहज गेली तर तिथे फट आहे. तिथे खोली आपल्या वजनाने नंतर खाली येईल आणि येताना पीळ घेऊन येईल. ती फट पत्र्याच्या किंवा टिकाऊ लाकडाच्या चिपांनी भरा. लाकडाच्या ओल्या ढलप्या नकोत, त्या सुकून आकसतात.

सगळं जमलं असं वाटलं की दार लावून बघा. दाराच्या वरच्या फटीची रुंदी दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. हिच्याइतकी चोख पातळी कुठलंही यंत्र दाखवत नाही, कारण दाराची चौकट संपूर्ण भिंतीचं गाऱ्हाणं सांगते.

तिरक्या पट्ट्या लगेच काढू नका. खोलीला नव्या बैठकीवर दोन-तीन आठवडे द्या, एखादा चांगला पाऊस होऊ द्या, मग फट पुन्हा बघा. तेव्हा एखाद्या कोपऱ्याखाली एक-दोन चिपा घालाव्या लागतातच. त्यासाठी एक जॅक आणि चार ठोकळे हाताशी ठेवा. त्यानंतर एकेक भिंतीची पट्टी काढा, प्रत्येक वेळी दार उघडून-मिटून बघत. वारा जोराचा असलेल्या जागी तुळया जमिनीत गाडलेल्या खुंट्यांना लोखंडी पट्ट्यांनी जखडा. रिकामी लाकडी खोली वाऱ्याला हलकी असते. पायाशी माती भरून भिंतीच्या फळ्या झाकू नका, खालून हवा खेळती राहू द्या. वीज मात्र या सगळ्यानंतर, पट्ट्या निघाल्यावर आणि खोली स्थिरावल्यावरच जोडून घ्या. वायरमनला आतल्या जुन्या वायरी कुठे घासल्या, तुटल्या आहेत का तेही तपासायला सांगा. जुन्या जागेवर राहिलेले बोल्ट आणि उघड्या नळ्या त्याच आठवड्यात काढा, खड्डे बुजवा. तिथून लहान मुलं धावत जाणार आहेत.